साठ डॉलरचे एकशे वीस: शिकागोच्या पार्किंग दंडावरील विलंब आकाराविषयी

शिकागोत रस्त्याकडेला लावलेल्या गाडीच्या काचेवर, वायपरखाली नारिंगी पाकीट अडकवलेले दिसले की ते पार्किंगच्या दंडाचे तिकीट आहे, हे इथे नव्याने आलेल्या माणसालाही लवकरच कळते. त्या पाकिटातल्या मूळ दंडाविषयी माझी तक्रार नाही. रस्ता झाडण्याच्या दिवशी गाडी हलवली नाही तर तेवढा तुकडा तसाच राहतो, आणि १ डिसेंबरपासून १ एप्रिलपर्यंत पहाटे ३ ते ७ या वेळेत ज्या सुमारे १०७ मैलांच्या मुख्य रस्त्यांवर गाडी उभी करायला मनाई असते, तिथे ती उभी राहिली तर बर्फ काढणाऱ्या वाहनांची वाट अडते. असे नियम असावेत आणि ते मोडणाऱ्याला दंड व्हावा, हे मला मान्य आहे. मला लिहायचे आहे ते दंड भरायला उशीर झाल्यावर त्यात जी भर पडते तिच्याविषयी. या शहरात राहून आणि हा विषय काही वर्षे बारकाईने वाचून माझे असे मत झाले आहे की खरा अन्याय त्या भरीत आहे आणि गेल्या काही वर्षांतल्या सुधारणांनी नेमक्या त्याच जागेला सर्वांत कमी हात लावला आहे.

हिशेब असा आहे. रस्ता झाडण्याच्या दिवशी गाडी न हलवल्याचा दंड ६० डॉलर. तो भरण्यासाठी किंवा त्याला हरकत घेण्यासाठी काही आठवड्यांची मुदत मिळते, मधल्या काळात टपालाने सूचना येतात, उत्तर गेले नाही तर ठरलेल्या टप्प्यावर वाहनमालक दोषी असल्याचा निर्णय नोंदवला जातो, आणि त्यानंतरची मुदतही उलटली की मूळ दंडाइतकाच विलंब आकार त्यात मिळवला जातो. साठचे एकशे वीस होतात. प्रकरण पुढे वसुलीकडे गेले तर वसुलीचा खर्च म्हणून २२ टक्क्यांपर्यंत वाढ करता येते, म्हणजे आकडा १४६ डॉलर ४० सेंटवर जातो. शहराच्या वाहन स्टिकरच्या बाबतीत हेच गणित फार कठोर होते. शिकागोत राहणाऱ्या प्रत्येक वाहनमालकाला हा वार्षिक कर भरून काचेवर स्टिकर लावावे लागते. साध्या मोटारीसाठी ते सुमारे शंभर डॉलरला मिळते, पण ते नसल्याचा दंड २०० डॉलर आहे, आणि २०१८ च्या सुमारास उशीर झाल्यावर तो ४०० होई आणि वसुली धरून ४८८ पर्यंत पोहोचे. सुमारे शंभर डॉलरचा कर वेळेवर भरता न आलेल्या माणसाकडून त्याच्या जवळजवळ पाचपट रक्कम मागितली जाई, आणि स्टिकर तर त्याला वेगळे घ्यावेच लागे.

या आकाराचे आणखी एक वैशिष्ट्य माझ्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. तो उशिराच्या प्रमाणात वाढत नाही. मुदत उलटून दोन दिवसांनी पैसे घेऊन आलेला आणि दोन वर्षांनी आलेला, दोघांना आकार सारखाच. विलंबाबद्दल घेतलेल्या रकमेचा विलंबाशी असा काहीच मेळ नसेल, तर ती रक्कम कशाची भरपाई आहे आणि तिने कोणत्या वागण्याला उत्तेजन मिळते, हे प्रश्न विचारलेच पाहिजेत. साठ डॉलर वेळेवर जमवू न शकलेल्या माणसाकडे पुढच्या आठवड्यात चाळीस असतील, त्याच्या पुढच्या आठवड्यात साठ होतील. पण तोवर मागणी एकशे वीसची झालेली असते, आणि मग ते चाळीस डॉलर वाणसामान किंवा घरभाडे यांकडे वळतात, कारण तिथे निदान पूर्ण रक्कम चुकती केल्याचे समाधान तरी असते.

२०१८ च्या फेब्रुवारीत प्रोपब्लिका इलिनॉय या वृत्तसंस्थेने शिकागोच्या तिकिटांच्या थकबाकीवर सविस्तर वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्यानंतर डब्ल्यूबीईझेड या सार्वजनिक रेडिओ केंद्राच्या साथीने तो विषय पुढे लावून धरला. त्या कामातून समोर आलेले चित्र आजही या विषयाचा पाया मानावे असे आहे. १९९० पासून न भरलेल्या तिकिटांची रक्कम १ अब्ज ४५ कोटी डॉलरवर गेली होती. प्रौढ रहिवाशांमागे सर्वांत जास्त थकबाकी असलेल्या दहा पिनकोड क्षेत्रांपैकी आठ कृष्णवर्णीय बहुसंख्येची होती. त्या दहा क्षेत्रांच्या वाट्याला शहरातल्या एकूण तिकिटांपैकी २२ टक्के तिकिटे आली होती, पण एकूण थकबाकीपैकी ४० टक्के थकबाकी त्यांच्या नावावर होती. या दोन आकड्यांमधल्या अंतरात सगळी गोष्ट आहे. नियम मोडण्यात ही माणसे इतरांच्या फार पुढे होती म्हणून ती कर्जात गेली असे म्हणता येत नाही. मूळ दंड भरण्याची ऐपत जिथे कमी, तिथे दुप्पट होण्याचा नियम जास्त लागू झाला, आणि म्हणून कर्ज तिथे साचले. ज्याच्या खात्यात पैसे आहेत त्याच्यासाठी हा नियम जवळजवळ अस्तित्वातच नसतो, कारण तो तिकीट त्याच संध्याकाळी भरून मोकळा होतो.

स्टिकरच्या दंडाची हकीकत जरा थांबून सांगण्यासारखी आहे, कारण दंड वाढवला की उत्पन्न वाढते या समजुतीची ती प्रत्यक्ष परीक्षाच होती. महापौर राम इमॅन्युएल यांच्या काळात, तत्कालीन सिटी क्लर्क सुझाना मेंडोझा यांच्या प्रस्तावावरून, हा दंड १२० डॉलरवरून २०० डॉलर करण्यात आला आणि २०१२ पासून तो लागू झाला. त्यातून वर्षाला १ कोटी ६० लाख डॉलर जास्तीचे मिळतील असा अंदाज मांडला गेला होता. प्रत्यक्षात वाढ त्याच्या आसपासही पोहोचली नाही, आणि थकबाकी मात्र भराभर फुगली. यात नवल वाटण्यासारखे काही नाही. १२० डॉलर कसेबसे भरणारा माणूस २०० च्या वेळी मागे पडतो, मागे पडला की ४०० होतात, आणि ४०० झाल्यावर तो भरण्याचा विचारच सोडून देतो. शहराच्या वहीत येणे वाढते, तिजोरीत मात्र त्याच्याकडून पूर्वी येत होते तेही येईनासे होते. त्यातच एकाच गाडीला एकाच दिवशी स्टिकरची एकाहून जास्त तिकिटे दिल्याची हजारो उदाहरणेही याच चौकशीत उजेडात आली.

भरले नाही तर पुढे काय होते, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांना ‘भरा आणि सुटा’ असे म्हणणे सोपे जाते. अंतिम निर्णय झालेली तीन तिकिटे थकली, किंवा एक वर्षाहून जुनी दोन थकली, की गाडीच्या चाकाला पिवळा ‘बूट’, म्हणजे चाक जखडून ठेवणारे कुलूप, लागू शकतो. बूट काढण्याचे पैसे वेगळे, आणि वेळेत तो सोडवला नाही तर गाडी उचलून नेली जाते. मग उचलण्याचे १५० डॉलर, आवारात ठेवण्याचे दररोजचे भाडे, आणि मूळ थकबाकी यांची बेरीज बहुतेक वेळा त्या जुन्या गाडीच्या किमतीच्या वर जाते. २०१९ च्या आरंभी डब्ल्यूबीईझेडने दाखवून दिले की २०११ पासून शहराने तिकिटांच्या थकबाकीपायी जवळजवळ ५० हजार गाड्या जप्त करून विकल्या होत्या. त्या भंगाराच्या भावात गेल्या, आणि विक्रीतून आलेली रक्कम मालकाच्या थकबाकीतून वजासुद्धा केली गेली नाही. गाडी गेली आणि कर्ज जसेच्या तसे राहिले. सावकारी कर्जातही तारण विकले तर त्याची किंमत खात्यात जमा व्हायला हवी असे आपण मानतो, आणि इथे लोकांनी निवडून दिलेल्या शहर सरकारने तेवढेही केले नाही. या सगळ्या प्रकरणात मला सर्वांत जास्त संताप येतो तो या गोष्टीचा.

शिकागोची मेट्रो आणि बससेवा अमेरिकेतल्या बहुतेक शहरांपेक्षा चांगली आहे, हे खरे. पण दक्षिण आणि पश्चिम भागांतल्या कित्येक वस्त्यांतून उपनगरातल्या गोदामात किंवा रुग्णालयात रात्रपाळीला जायचे असेल तर गाडीवाचून ते जमत नाही. म्हणून गाडी वाचवण्यासाठी लोक दिवाळखोरीच्या न्यायालयात जाऊ लागले. दिवाळखोरी कायद्याच्या ‘चॅप्टर १३’ या प्रकरणाखाली अर्ज केला की वसुली थांबते, गाडी परत मिळण्याची शक्यता असते आणि तीन ते पाच वर्षांच्या हप्त्यांची योजना आखली जाते. ज्यांत शहराचे देणे समाविष्ट आहे असे चॅप्टर १३ चे अर्ज २००७ मध्ये सुमारे एक हजार होते, ते २०१७ मध्ये दहा हजारांच्या वर गेले, आणि अशा अर्जातले तिकिटांचे मध्यक देणे (निम्म्या अर्जांत याहून कमी, निम्म्यांत जास्त) याच काळात १,५०० डॉलरवरून ३,९०० डॉलरवर गेले. अर्ज करताना काही वकील आधी पैसे घेत नसत. त्यांची फी हप्त्यांतून कापली जाई, आणि एखादा हप्ता चुकून योजना मोडली की अर्ज निकाली निघून जुने देणे पुन्हा डोक्यावर येई. झाडलोटीच्या दिवशी हलवायची राहिलेली गाडी आणि दिवाळखोरीचे न्यायालय यांना जोडणारा रस्ता शहराच्या विलंब आकाराने तयार केला होता, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

पुढे शहराने जप्त केलेल्या गाड्या अर्जानंतरही अडवून ठेवायला सुरुवात केली आणि तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १४ जानेवारी २०२१ रोजी ‘शिकागो शहर विरुद्ध फुल्टन’ या खटल्यात आठही न्यायमूर्तींनी शहराच्या बाजूने निकाल दिला. जप्त केलेली वस्तू नुसती ताब्यात ठेवल्याने दिवाळखोरी कायद्याच्या ज्या उपकलमावर वाद होता त्याचा भंग होत नाही, असा त्याचा अर्थ होता. न्यायमूर्ती सोनिया सोटोमायोर यांनी निकालाशी सहमत होताना स्वतंत्र मत लिहिले आणि गाडीवाचून माणूस कामावर पोहोचू शकत नाही, मग तो कर्ज कसे फेडणार, या अडचणीकडे लक्ष वेधले. शहराने कायद्यात बसेल ते केले हे न्यायालयाने सांगितले. ते शहाणपणाचे होते की नाही हे ठरवणे न्यायालयाचे काम नव्हते. ते सिटी कौन्सिलचे काम आहे.

कौन्सिलने काहीच केले नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल. २०१९ मध्ये लोरी लाइटफूट महापौर झाल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुधारणांचा एक संच संमत झाला. त्यात हप्त्यांच्या अटी सैल झाल्या, स्टिकरसाठी १५ दिवसांची सवलत पुन्हा सुरू झाली, आणि बूट लागल्यानंतर गाडी उचलण्याआधी आणखी २४ तास मागून घेण्याची सोय झाली. राज्यपाल जे. बी. प्रित्झकर यांनी २०२० च्या जानेवारीत सही केलेल्या कायद्याने, त्या वर्षीच्या १ जुलैपासून, न भरलेल्या पार्किंग तिकिटांपायी वाहन चालवण्याचा परवाना निलंबित करणे इलिनॉयमध्ये बंद झाले आणि सुमारे ५५ हजार लोकांना परवाना परत मिळण्याची वाट मोकळी झाली. त्याआधी दहा तिकिटे थकली की परवाना जात असे, म्हणजे गाडी चुकीच्या जागी उभी केल्याबद्दल गाडी चालवण्याचाच हक्क जात असे. २०२२ मध्ये कमी उत्पन्नाच्या रहिवाशांसाठी ‘क्लिअर पाथ रिलीफ’ ही योजना आली. तिच्यात अलीकडच्या तीन वर्षांतल्या तिकिटांचा मूळ दंड फेडला की त्याहून जुने देणे आणि विलंब आकार माफ होण्याची आणि नव्या तिकिटांवर ठरावीक काळ निम्मी सूट मिळण्याची सोय होती. संघीय दारिद्र्यमर्यादेच्या ३०० टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना ती खुली ठेवण्यात आली. या सगळ्याने हजारो घरांना श्वास घ्यायला जागा मिळाली, आणि ज्या संघटनांनी, पत्रकारांनी आणि कौन्सिलच्या सदस्यांनी ते घडवून आणले त्यांच्याविषयी मला आदर आहे.

तरी माझा आक्षेप उरतो. दुप्पट करायचे आणि मग अर्ज केलेल्याला, कागदपत्रे दाखवलेल्याला, हप्ते न चुकवलेल्याला ते माफ करायचे, ही पद्धत ज्याला योजनेची माहितीच नाही त्याला वाऱ्यावर सोडते. पुण्यासारख्या शहरांतल्या वाचकांना हे चक्र मिळकतकरामुळे चांगले परिचयाचे आहे. तिथे थकबाकीवर दरमहा दोन टक्के शास्ती चढत जाते, काही वर्षांत ती मूळ कराच्या बरोबरीला येते, आणि मग महापालिका अभय योजना जाहीर करून शास्तीत मोठी सूट देते. वेळेवर कर भरणारे नाराज होतात, न भरणारे पुढच्या अभय योजनेची वाट पाहतात, आणि ज्या शास्तीतून इतक्या सहज सूट देता येते ती मुळात त्या दराने लावली तरी का, याचे उत्तर कोणी देत नाही. वाहतुकीच्या ई-चलानांवर कर्नाटकात २०२३ च्या फेब्रुवारीत दिलेली ५० टक्के सूट किंवा महाराष्ट्रात लोकअदालतींतून होणाऱ्या तडजोडी, याही त्याच जातीच्या. शिकागोचा आकार तर शास्तीपेक्षाही कडक आहे, कारण दरमहा दोन टक्क्यांनी दुप्पट व्हायला चार वर्षांहून जास्त काळ लागतो आणि इथे ते एका मुदतीच्या अंती, एका झटक्यात होते.

वेगळे काही करता येते हे अमेरिकेतच दिसते. न्यूयॉर्क शहरात ३० दिवस उलटले की १० डॉलर, ६० दिवसांनंतर आणखी २० आणि ९० दिवसांनंतर आणखी ३० अशी भर पडते, आणि पुढे न्यायनिवाडा नोंदला गेला की वार्षिक ९ टक्के व्याज सुरू होते. न्यूयॉर्कला मी आदर्श मानत नाही. ६५ डॉलरच्या तिकिटावर सगळे टप्पे मिळून ६० डॉलर हे कमी नाहीत, आणि तिथेही न्यायनिवाडा झालेले देणे ३५० डॉलरच्या वर गेले की बूट लागतोच. पण तिथे शिडी आहे, इथे कडा आहे. पाच आठवडे उशीर झालेल्या माणसाला तिथे दहाच डॉलर जास्त द्यावे लागतात, म्हणून तो अजून देण्याच्या स्थितीत असतो. कॅलिफोर्नियाने २०१८ च्या जुलैपासून त्याहून पुढचे पाऊल टाकले. तिथल्या कायद्याने गरीब वाहनमालकाला हप्त्यांनी पैसे भरण्याचा हक्क दिला, महिन्याचा हप्ता २५ डॉलरहून जास्त नसावा असे ठरवले, आणि योजनेत नाव नोंदवल्यावर विलंब आकार माफ केला. सॅन फ्रान्सिस्कोच्या कोषागार कार्यालयात २०१६ पासून तर शहराने लावलेले दंड आणि शुल्के गरिबांना कशी छळतात हे तपासणारा स्वतंत्र विभागच आहे.

आकार कमी केला तर लोक बेफिकीर होतील, हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. अग्निशमनाच्या नळापुढे किंवा बसच्या मार्गिकेत उभी केलेली गाडी दुसऱ्याच्या जिवावर बेतू शकते. पण गाडी तिथे उभी न करण्याचे कारण मूळ दंड हे असते. तो भरायला उशीर झाल्यास काय होईल याचा विचार करून कोणी जागा निवडत नाही. ज्याच्याकडे पैसे असूनही तो भरत नाही, त्याच्यासाठी बूट आहेच, आणि तो काढावा असे मी म्हणत नाही. दुसरा आक्षेप अर्थसंकल्पाचा आहे, आणि तो अधिक खरा आहे. २०१६ मध्ये वाहनांच्या तिकिटांतून शहराला सुमारे २६ कोटी ४० लाख डॉलर मिळाले होते, ३ अब्ज ६० कोटींच्या खर्चाच्या अर्थसंकल्पाचा सुमारे ७ टक्के भाग. त्यात शिकागोने २००८ मध्ये आपले पार्किंग मीटर सुमारे १ अब्ज १५ कोटी डॉलर घेऊन ७५ वर्षांसाठी खासगी कंपनीला दिलेले आहेत. मीटरमध्ये टाकलेला पैसा त्या कंपनीकडे जातो आणि मीटर संपल्याचा दंड शहराकडे येतो. अशा स्थितीत दंड हा शिस्तीचा उपाय न राहता महसुलाचा आधार होऊन बसतो, आणि तो कमी करण्याची सूचना अर्थखात्याला पटणे अवघड होते. मात्र २०१२ च्या स्टिकर दंडवाढीने सांगितलेली गोष्ट इथे लागू पडते. जे कधीच येणार नाही ते येणे धरून आखलेला अर्थसंकल्प शहरालाही उपयोगाचा नसतो.

म्हणून माझी मागणी थेट शहराच्या अध्यादेशातल्या आकारापुरती आहे. दुप्पट होण्याचा नियम काढून त्याजागी उशिराच्या प्रमाणात वाढणारा, मूळ दंडाच्या एक चतुर्थांशावर थांबणारा आकार ठेवावा. वसुलीचा खर्च प्रत्यक्ष झाला असेल तेवढाच घ्यावा. हप्त्यांची सोय पहिल्या सूचनेच्या कागदावरच, अर्जाशिवाय आणि आधी काही भरण्याच्या अटीशिवाय द्यावी, म्हणजे जुने देणे साचण्याआधीच माणूस सावरू शकेल. स्टिकर नसल्याच्या तिकिटावर, ठरावीक दिवसांत स्टिकर घेतल्यास दंड रद्द व्हावा, कारण तिथे शहराचा हेतू कर गोळा करण्याचा आहे आणि तो कर मिळालेला असतो. जप्त गाडी विकली तर तिची किंमत, कितीही कमी असली तरी, मालकाच्या खात्यात जमा व्हावी, आणि ज्यांच्या गाड्या पूर्वी विकल्या गेल्या त्यांचे उरलेले देणे पुन्हा तपासले जावे.

अर्थसंकल्प दर शरद ऋतूत कौन्सिलच्या ५० अल्डरमनांपुढे, म्हणजे वॉर्डांतून निवडून आलेल्या सदस्यांपुढे, येतो आणि त्याआधी नागरिकांना जाहीर सुनावणीत बोलता येते. वरचा मजकूर इंग्रजीत आटोपशीर करून मी माझ्या वॉर्डच्या कार्यालयाकडे पाठवणार आहे, आणि शिकागोत राहणाऱ्या मराठी वाचकांनी, स्वतःचे तिकीट वेळेवर भरण्याची ऐपत असली तरी, आपल्या अल्डरमनकडे दुप्पट आकाराचा हा एक मुद्दा नाव घेऊन मांडावा अशी माझी विनंती आहे.